नववी पायरी

"त्या मेणबत्तीला कुणीतरी सांगा, आज खालच्या गुहेत तिचं काही काम नाही," मी कढईला म्हणाले.

कढईत मिरच्या तळत होत्या. आमच्या डोंगरावरच्या लांब, लाल, गोडसर मिरच्या, महिनाभर दारावर माळ लावून वाळवलेल्या. तेलात जरा जास्त राहिल्या की कडू होतात, म्हणून त्यांच्यावरून नजर काढायची नसते. मला ते निमित्त बरं पडायचं. दारात माझा दीर कानिओ उभा होता, आणि त्याच्या तोंडाकडे बघून मी बेचाळीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते.

"वहिनी, सावीनो जेवणाच्या वेळी गुहेतली हवा उपसायचा पंखा बंद ठेवणार म्हणतोय," तो म्हणाला. "घरघर होते म्हणे, पाहुण्यांना गप्पा मारता येत नाहीत."

"पंखा मालकाचा. गुहा मालकाची. पाहुणेही मालकाचेच," मी मिरच्या उलटत म्हणाले.

"सान मार्तीनोला अजून नऊ दिवस आहेत, वहिनी."

तो सांगत होता ते आमच्या गावातलं शेंबडं पोरही जाणतं. वुल्तुरे डोंगराच्या पोटात आमच्या वाडवडिलांनी गुहा खोदल्या, एकीखाली एक. वरच्या गुहेत द्राक्षं उतरतात, मधलीत रस आंबतो, आणि बारा पायऱ्या उतरून गेलं की सगळ्यांत खालच्या गुहेत जुनी वाईन पिंपांत पडून असते. आमचं आल्यानिको द्राक्ष भारी आळशी. बाकीच्या मुलखात तोडणी आटोपून लोक लग्नकार्याला लागतात, तेव्हा कुठे ते पिकतं. त्यामुळे नोव्हेंबर उजाडला तरी मधल्या गुहेतली पिंपं चुलीवर ठेवल्यासारखी रटरटत असतात. त्यांतून जो वायू निघतो तो डोळ्यांना दिसत नाही. पाण्यासारखा पायऱ्यांवरून खाली उतरतो आणि खालच्या गुहेत साठत जातो. आम्ही त्याला रसाचा उसासा म्हणतो. अकरा तारखेला, सान मार्तीनोच्या सणाला, रसाची वाईन झाली असं आम्ही धरतो. तोवर खालच्या गुहेत पाऊल टाकायचं नाही, आणि टाकायचंच झालं तर हातात पेटती मेणबत्ती घ्यायची, तीही गुडघ्याशी धरायची. ज्योत लवली की थांबायचं. विझली की मागे फिरायचं.

कानिओचं आयुष्य म्हणजे एवढंच होतं म्हटलं तरी चालेल. चौदाव्या वर्षापासून तो या पिंपांवर कामाला. तोडणीपासून सणापर्यंत रोज सकाळी मेणबत्ती गुडघ्याशी धरून नवव्या पायरीपर्यंत उतरायचा, ज्योत बघायचा, वर यायचा. लग्न केलं नाही. जत्रेत नाचला नाही. 'मेणबत्ती' हे नाव त्याला मी दिलं आणि ते गावभर झालं, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. कारण बेचाळीस वर्षांपूर्वी त्याच नवव्या पायरीवर तो मेणबत्ती धरून उभा होता, आणि खाली माझा नवरा मरत होता.

गेरार्दो, माझा नवरा, कानिओचा थोरला भाऊ. एका पिंपाची तोटी ठिबकतेय म्हणून ऑक्टोबर अखेरीस तो खाली उतरला, कानिओ मागून मेणबत्ती घेऊन. खाली पोचल्यावर गेरार्दोच्या डोक्यावरची टोपी पडली. नवी टोपी, मीच बाजारातून आणलेली. ती उचलायला तो वाकला, तो वाकलाच. कानिओच्या हातातली ज्योत विझली आणि कानिओ थांबला. ओरडला, माणसं बोलावली, पण दहाव्या पायरीवर पाय ठेवला नाही. मी पिठाच्या हातांनी धावत आले आणि खाली उडी घ्यायला गेले, तर त्याने मला कमरेला धरून अडवलं. मी त्याच्या हाताला चावले. अंगठ्याच्या बुडाशी, हाडापर्यंत. त्याने सोडलं नाही. वीस मिनिटांनी माणसं दोर घेऊन आली. गेरार्दोला वर काढला तेव्हा टोपी त्याच्या मुठीत होती.

"सख्खा भाऊ मरत होता आणि तू उभा?" हे मी त्या दिवशी कानिओला म्हणाले. ते शेवटचं.

बोलत नसले तरी जेवायला घालत होते. हसायचं त्याने हसावं. मी या मालकांच्या स्वयंपाकघरात, तो त्यांच्या गुहेत, मग करणार काय? रोज दुपारी खिडकीच्या कट्ट्यावर मी त्याची थाळी ठेवायची. तो बाहेर उभ्यानेच खायचा आणि थाळी विसळून परत ठेवायचा. तळताना तुटलेले मिरच्यांचे तुकडे मी त्याच्या थाळीत टाकत असे, कारण अख्ख्या मिरच्या टेबलावर लागतात. ते त्याला फार आवडतात हे मला माहीत होतं, पण म्हणून नव्हते टाकत.

तर त्या दिवशी दोन नोव्हेंबर होता, मेलेल्यांचा दिवस. भल्या सकाळी मी कबरस्तानात जाऊन गेरार्दोपुढे लाल काचेतली मेणबत्ती लावून आले होते, आणि आल्या आल्या स्वयंपाकाला जुंपले होते. एरवी या दिवशी मी चूल पेटवते ती फक्त गव्हासाठी. शिजवलेले गहू, डाळिंबाचे दाणे, अक्रोड आणि वरून आटवून काकवीसारखा केलेला द्राक्षरस. आमच्याकडे हे मेलेल्यांचं जेवण. रात्री टेबलावर मांडून दार उघडं ठेवायचं, म्हणजे ते येऊन खाऊन जातात. पण सावीनोला ते पाहुण्यांसाठी हवे होते.

सावीनो मालक झाला होता, तरी मला तो अजून नऊ वर्षांचाच वाटायचा. त्याची आई गेली तेव्हा तो तेवढा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, त्याच्या गोवराला मी जागले. मला मूल नव्हतं, त्याला आई नव्हती. मिलानला दहा वर्षं काढून तो परत आला तो डोक्यात कल्पनांचं वारूळ घेऊनच.

तो हातात कागद नाचवत आत आला. "मावशी, ऐक. चण्यांबरोबरच्या कणकेच्या पट्ट्यांना गेल्या सालची आल्यानिको. मडक्यातल्या मेंढीला सहा वर्षांची. जुन्या चीजला आजोबांच्या पिंपातली. आणि तुझ्या गव्हांबरोबर गोड मोस्कातो वाईन. कसं?"

"आमच्या वेळी कशाबरोबर काय हे भूक ठरवायची."

"त्यांना भूक नाहीये ना, मावशी. म्हणून तर कागद करावा लागतो," तो हसला. त्याचं हसू मला नेहमीच पाघळवायचं.

"पण मेलेल्यांच्या दिवशी जमिनीखाली पान मांडतोयस, बाळा. आमंत्रण समजून कुणी आलं म्हणजे?"

"आले तर त्यांनाही ग्लास देऊ. मेणबत्त्या किती आहेत घरात?"

कानिओ अजून दारातच होता. खालच्या खणात त्याची पेटी असे, जाड पांढऱ्या मेणबत्त्यांची. या मोसमातल्या दोन डझन उरल्या होत्या. मी खण ओढला आणि पेटीच्या पेटी सावीनोच्या हातात दिली.

"वहिनी, एखादी ठेव," कानिओ म्हणाला.

मी रिकामा खण गुडघ्याने आत ढकलला.

"काका, तुमचं काय ते एकदा होऊन जाऊ द्या," सावीनो त्याच्याकडे वळला. आवाज चढवला नाही. वाईट पोरगा नव्हता तो. "पहाटेपासून पंखा चालू आहे. गुहा धुतल्यासारखी स्वच्छ आहे. दोन तास बंद ठेवला तर काय आभाळ कोसळणारे? आणि तुम्हाला ज्योतच बघायची ना? टेबलावर चोवीस जळतील. बघा पोटभर."

"त्या टेबलावर असतील, सावीनो. टेबल गुडघ्याच्या वर असतं."

"मग?"

"मग त्या जळतच राहतील. तेच वाईट." कानिओने टोपी काढून हातात धरली. "अंगणात मांड, पोरा. छान ऊन पडलंय."

"अंगण त्यांच्याकडेही आहे, काका. गुहा नाहीये."

कानिओ माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द टाकला असता तर सावीनोने ऐकलं असतं. रुसला असता, पण ऐकलं असतं. आणि मला का कळत नव्हतं? याच गुहेने मला विधवा केलं होतं. पण कानिओ म्हणतोय म्हणजे ते खरं, असं मी माझ्या तोंडाने म्हणायचं? तेवढ्यासाठी मी मिरच्या ताटात काढल्या आणि पाठ फिरवली.

पावलं वाजली. खिडकीतून बघितलं तर तो कबरस्तानाच्या रस्त्याने चढत होता, चौसष्ट वर्षांच्या माणसाने चालू नये इतक्या घाईने. मला वाटलं, गेला भावाकडे माझी चहाडी करायला.

एक वाजता पाहुणे आले. उत्तरेकडचे बाराजण, सगळे टापटीप, आणि एका बाईंच्या काखेत पांढरा कुत्रा, कापसाच्या बोंडाएवढा. सावीनोने पंखा बंद केला. तो थांबला तेव्हा डोंगरातून जी शांतता आली ती मला पायांच्या तळव्यांत जाणवली. मधल्या गुहेतून जाताना पिंपांतला रस बुडबुडताना ऐकू येत होता, एरवी पंख्याच्या आवाजात तो बुडून जातो. एक बाई कौतुकाने थांबल्या. "अय्या, जिवंत आहे की!" त्या म्हणाल्या.

खाली मात्र सावीनोने नजर लागेल असं मांडलं होतं. पांढरा, जमिनीपर्यंत लोंबणारा टेबलक्लॉथ, लहानमोठ्या पितळी दिवठाणांवर कानिओच्या मेणबत्त्या, काही बुटक्या, काही उंच, आणि मागे काळी पिंपं. सगळ्या ज्योती सरळ उभ्या. मला बरं वाटलं. बघा म्हणावं, एकही लवत नाही.

चण्यांच्या पट्ट्या नेल्या तेव्हा सगळे हसत होते. मिरची दाताखाली फुटली की ओरडत होते. मेंढीचं मडकं नेलं तेव्हा खाली पोचताच माझ्या नाकात झिणझिणलं, सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं. मी नाक पुसलं. वाढायला वाकले तर छाती भरून आली. वयाने, म्हटलं. पण एक गृहस्थ गळ्याचं बटण काढत होते, आणि दुसरे कपाळ दाबत होते.

"चढते हो तुमची वाईन!" ते म्हणाले.

"चौदा टक्के आहे," सावीनो खुशीत म्हणाला. त्याचाही श्वास जिना चढून आल्यासारखा चालला होता. "वुल्तुरेची माती आहे ती. ज्वालामुखी."

"आमच्या फिओकोलाही चढली वाटतं," कुत्र्याच्या बाई टेबलाखाली डोकावल्या. "वासानेच आडवा झालाय. बघा, कसा गाढ झोपलाय."

सगळे हसले. मी टेबलक्लॉथ जरासा उचलून पाहिला. कुत्रा कुशीवर पडला होता, चारही पाय ताठ, जीभ दगडाला टेकलेली. झोपलेला कुत्रा असा दिसत नाही, हे मला कळलं. बेचाळीस वर्षांपूर्वी दोराने वर आलेलं एक तोंड मी पाहिलेलं आहे. आणि तरीही मी टेबलक्लॉथ सोडला, रिकामं मडकं उचललं आणि गव्हाचं भांडं आणायला निघाले. वर पोचले की सावीनोला हाक मारून बोलावीन, चारचौघांत त्याचा पाणउतारा कशाला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं कारण वेगळं होतं, आणि ते नवव्या पायरीवर समोरच उभं होतं.

कानिओ होता तो. हातात पेटती मेणबत्ती, लाल काचेतली. ती मी ओळखली. त्या काचेला मीच सकाळी काळी फीत बांधली होती. त्याने ती माझ्या नवऱ्याच्या कबरीवरून उचलून आणली होती.

मडकं काखेत मारून मी ती काच हिसकावायला हात पुढे केला. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. त्याने मेणबत्ती गुडघ्याशी धरली. ज्योत आडवी झाली. आणखी वीतभर खाली नेली. ती निळी झाली आणि कुणी चिमटीत धरल्यासारखी गेली. टेबलावरच्या चोवीस तशाच लखलखत होत्या.

"वहिनी, वर जा," तो हळूच म्हणाला. मी तीन-चार पायऱ्या वर सरकले. मग त्याने गळा साफ केला आणि जत्रेतल्या पुकारेवाल्यासारखा मोकळा आवाज लावला. "मंडळी! गोड पदार्थ वर उन्हात मांडलाय. चला, एकामागून एक. ग्लास राहू द्या. कुणी वाकायचं नाही. काही खाली पडलं तर उचलायचं नाही, आमच्याकडे ते अशुभ मानतात."

लोक हसतच उठले. दोघंतिघं उठल्यावर भेलकांडले आणि त्यावरही हसले. कानिओ एकेकाच्या कोपराला हात देऊन त्यांना वर पाठवत होता, बारा मोजत होता. सावीनो चिडून लाल झाला होता, पण पाहुण्यांसमोर काय बोलणार? तो सगळ्यांच्या मागे निघाला.

"फिओको!" वरून त्या बाई ओरडल्या. "अहो, माझा फिओको खालीच राहिला!"

"मी आणतो," सावीनो म्हणाला आणि वळला.

"सावीनो, राहू दे! सावीनो, तो मेलाय!" मी ओरडले.

पण सावीनो टेबलाशी पोचला होता. त्याने टेबलक्लॉथ उचलला आणि वाकला. त्याची पाठ दिसत होती, निळ्या कोटातली. ती हलली नाही. मग तो हळूच, देवळात गुडघे टेकावेत तसा, खाली बसला आणि कुशीवर कलंडला.

कानिओ नवव्या पायरीवर होता. थांबलेला.

मला समोर एकच दिसलं: तोच माणूस, तीच पायरी, तीच विझलेली मेणबत्ती, आणि खाली या वेळी माझं पोर. आणि मी बेचाळीस वर्षांनी त्याच्याशी बोलले.

"उभा राहा!" मी किंचाळले. "राहा उभा मेणबत्ती धरून! तेव्हा राहिलास तसाच! भाऊ खाल्लास, आता याचंही मढं बघ!"

त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्याच्या तोंडावर. खूप दिवसांनी कुणी नावाने हाक मारल्यावर माणूस बघतो तसं काहीसं बघितलं त्याने. मग खिशातून काडेपेटी काढून मेणबत्ती पुन्हा पेटवली, चार पायऱ्या वर आला आणि ती माझ्या हातात दिली. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी माझ्या दातांची खूण होती, पांढरी पडलेली.

"हिला गुडघ्याशी धर, वहिनी. नववीच्या खाली उतरू नकोस. ज्योत विझली की कुणीच खाली यायचं नाही. कुणासाठीही नाही. माझ्यासाठी तर नाहीच."

तिथल्या खिळ्याला कायम एक दोर टांगलेला असे, गेरार्दो गेला त्या दिवसापासून. दरवर्षी कानिओ तो नवा आणायचा आणि आम्ही हसायचो. त्याने तो घेतला, एक टोक वरून डोकावणाऱ्या, पाहुण्यांच्या बसच्या चालकाकडे फेकलं. "मी हात वर केला की ओढा," तो म्हणाला. छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले आणि खाली उतरला. भर नदीत उतरावं तसा.

मी नवव्या पायरीवर आले. बल्बच्या उजेडात सगळं स्वच्छ दिसत होतं. तो टेबलाशी गेला, गुडघ्यांवर बसला, सावीनोच्या काखेखालून दोर घातला. एक वेढा. गाठ मारताना त्याची बोटं घसरली. पुन्हा मारली. मी मनात अंक मोजत होते. तीस, एकतीस, बत्तीस. म्हाताऱ्याच्या छातीत किती मावणार? गाठ बसली. त्याने हात वर केला, आणि त्याच वेळी त्याचे गाल सुटले. त्याने श्वास घेतला. मी बघितला तो श्वास.

"ओढा!" मी ओरडले.

चालक आणि दोन पाहुणे दोर ओढू लागले. सावीनो दगडांवरून फरफटत आला, माझ्या पायांवरून वर गेला. वर कुणीतरी त्याच्या छातीवर दाबत होतं, आणि थोड्या वेळाने तो खोकला, लहानपणी डांग्या खोकल्यात खोकायचा तसा. मी मागे वळून पाहिलं नाही. कानिओ टेबलाच्या पायाला पाठ लावून बसला होता. माझ्याकडेच तोंड करून. मग बसल्या जागी कलला.

कुणीतरी धावत जाऊन पंखा लावला. पण पंखा मधल्या गुहेत, आणि खालची गुहा उपसायला त्याला अर्धा तास लागतो. आम्ही दोर सोडवून परत फेकला. तो कानिओच्या पाठीवर पडला. बांधणार कोण?

चालक तरणाबांड होता. त्याने जाकीट काढलं. "सरका बाई, मी जातो. दहा पावलं तर आहे."

माझ्या हातातली ज्योत तेवढ्यात विझली होती. गुडघ्याशी. मी भिंतीला दोन्ही हात लावून पायरी अडवली.

"सरका म्हणतो ना!"

"नाही."

"अहो, माणूस मरतोय समोर!" त्याने मला खांद्याला धरून हलवलं. माझं डोकं दगडावर आपटलं. मी हात काढले नाहीत. "तुमचा कोण लागतो तो? डोळ्यांदेखत मरतोय आणि तुम्ही उभ्या?"

मी त्याला उत्तर दिलं नाही. कानिओनेही मला दिलं नव्हतं. मलाच जायचं होतं, हे त्या पोराला कसं सांगणार? माझे पाय आपण होऊन दहाव्या पायरीकडे निघत होते, आणि मी ते धरून ठेवले होते. भिऊन नव्हे. बेचाळीस वर्षं मी समजत होते, उभं राहणं सोपं असतं.

"कानिओ," मी हाक मारली. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून मी त्याला हाका मारत राहिले. "कानिओ, अरे, मी बोलतेय. मी बोलतेय तुझ्याशी."

मग टेबलावरच्या मेणबत्त्या विझू लागल्या. आधी बुटक्या, मग मधल्या. कुणी हळूहळू पाणी भरत यावं तशा खालून वर. मला एक पायरी मागे यावं लागलं, चालकानेही ते पाहिलं आणि तो मागे सरला. शेवटची उंच मेणबत्ती राहिली ती राहिलीच. तोवर पंख्याचा जोर लागला होता. अग्निशमनवाले पाठीवर नळ्या बांधून आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती. मी अजून हात भिंतीला लावून उभी होते. त्यांनी मला अलगद बाजूला केलं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी होती: कार्मोझीना उभी राहिली, आणि दीर गेला. चालकाने पाहिलं तेच सांगितलं, त्याचं काही चुकलं नाही. दुकानात बायका बोलायच्या थांबतात, ते मला कळतं. हे सगळं कानिओने कसं ऐकून घेतलं असेल, तेही आता कळतं.

सावीनो वाचला. पंखा आता बंद होत नाही, आणि पाहुणे अंगणात जेवतात. गेरार्दोच्या शेजारीच कानिओची जागा आहे. लाल काचा दोन लागतात. तोडणी झाली की सणापर्यंत रोज सकाळी मेणबत्ती घेऊन मी नवव्या पायरीपर्यंत जाते. कुणी सांगितलेलं नाही. परवा शाळेतली पोरं कुंपणापलीकडून "मेणबत्ती, मेणबत्ती" ओरडत पळाली. नाव माझंच होतं, फिरून माझ्याकडे आलं.

दुपारी मिरच्या तळताना तुटके तुकडे मी अजून बाजूला काढते. खिडकीच्या कट्ट्यावर थाळी ठेवते. चिमण्या येतात, कधी मांजर येतं. संध्याकाळी ती थाळी मीच विसळते.